काळ्या मातीतली चूल: प्राचीन राखेतून अन्नाचा माग कसा काढावा

तापी, गिरणा, पांझरा, बोरी या नद्यांच्या काठाने हिंडताना गावाच्या कडेला पांढरीचं, म्हणजे जुन्या वस्तीच्या मातीचं टेकाड दिसतं. धाब्याच्या घरांसाठी लोकांनी वर्षानुवर्षं तिथली माती वाहून नेलेली असते. पाण्याने कापलेल्या कडेत खापरं, हाडं, राखेचे करडे पट्टे उघडे पडलेले असतात. शहादा तालुक्यातल्या प्रकाशे गावी, तापी-गोमाईच्या संगमावरच्या टेकाडात १९५५ साली बी. के. थापर यांनी उत्खनन केलं. चाळीसगाव तालुक्यात गिरणाकाठच्या बहाळला त्याआधीच म. न. देशपांडे यांनी काम सुरू केलं होतं. तापीकाठच्या सावळदा गावावरून तर एका ताम्रपाषाणयुगीन (तांबं आणि दगड दोन्हींची हत्यारं वापरणाऱ्या) संस्कृतीचं नावच पडलं, आणि तिच्याच लोकांची वस्ती साक्री तालुक्यातल्या कवठे इथे उजेडात आली. हे शेतकरी साधारण साडेतीन-चार हजार वर्षांपूर्वीचे. त्यांनी काय पिकवलं, काय रांधलं, कशावर रांधलं, याचा सगळ्यात प्रामाणिक पुरावा त्यांच्या चुलींत आहे.

हा लेख पुरातत्त्वाचे विद्यार्थी, वनस्पतिशास्त्राचे शिक्षक आणि उत्खननात हात लावू इच्छिणारे कार्यकर्ते यांच्यासाठी आहे. सुरुवातीलाच एक गोष्ट स्पष्ट सांगतो: परवानगीशिवाय टेकाड उकरू नका. उत्खनन भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षणाच्या परवान्यानेच होतं, आणि हौसेने उकरलेली चूल शास्त्रासाठी कायमची मेलेली असते. कोसळत्या कडेत चूल दिसली तर फोटो काढा, जागेची नोंद करा आणि पुरातत्त्व विभागाला किंवा जवळच्या विद्यापीठाला कळवा. पुढची कामं परवाना असलेल्या पथकासोबत करायची आहेत. नमुनासंग्रह आणि चुलीचे प्रयोग मात्र कोणीही आपल्या अंगणात आजपासून सुरू करू शकतो.

खानदेशातली खरी अडचण: भेगा

दुसरीकडच्या पद्धती इथे जशाच्या तशा चालत नाहीत, कारण आपली जमीन हलती आहे. काळ्या मातीतलं चिकणद्रव्य पावसाळ्यात फुगतं, उन्हाळ्यात आकसतं. चैत्र-वैशाखात शेतात हात जाईल एवढ्या भेगा पडतात आणि त्या मीटरभर खोल जाऊ शकतात. वरचं बी भेगेतून खाली पडतं, पहिल्या पावसाने भेग मिटते, आणि यंदाच्या शेतातला दाणा चार हजार वर्षांपूर्वीच्या थरात जाऊन बसतो. उंदीर, घुशी आणि वाळवी हेच काम बारा महिने करतात. त्यात आपण धसकटं, पऱ्हाट्या, उसाचं पाचट शेतातच जाळतो. म्हणजे भेगेतून खाली गेलेला दाणा जळून काळा झालेलाही असू शकतो!

म्हणून या कामात दाणा सापडला याचा आनंद आधी आवरावा लागतो. तो तिथे कसा पोचला हे सांगता आलं, तरच तो पुरावा ठरतो. पुढची प्रत्येक पायरी या एकाच प्रश्नाभोवती फिरते.

एक सोपी चाळणी इथेच लावून घ्या. आपल्या हवेत न जळालेलं बी कोरड्या थरात हजारो वर्षं टिकत नाही, ते कुजतं किंवा किडे खातात. चुलीच्या मातीत पिवळसर, सालासकट ताजं दिसणारं बी मिळालं तर ते बहुधा आजचं आहे. सुईच्या टोकाने दाबून पाहा. प्राचीन दाणा आतपर्यंत काळा आणि ठिसूळ असतो. मका, मिरची, भुईमूग, टोमॅटो ही पिकं अमेरिका खंडातून गेल्या पाचशे वर्षांत आली. ताम्रपाषाणयुगीन चुलीत मक्याचा काळा दाणा सापडला तर भेगेने फसवलं हे नक्की समजा, आणि त्याच चुलीतल्या बाकीच्या दाण्यांकडेही संशयाने पाहा.

उत्खननाच्या आधी: आपला नमुनासंग्रह

आजचं जळालेलं धान्य ज्याने हाताळलेलं नाही, त्याला प्राचीन धान्य ओळखता येणार नाही. सुरुवात घरच्या धान्याने करा: दादर ज्वारी, बाजरी, खपली गहू, जव, कुळीथ, मूग, उडीद, मटकी, वाल, मसूर, वाटाणा, लाख, तीळ, जवस. सातपुड्यातल्या पाड्यांवरून राळा, वरी, सावा, कोद्रा मिळवा. बोर, जांभूळ, चारोळी, मोह यांच्या बिया विसरू नका. दख्खनच्या ताम्रपाषाणयुगीन वस्त्यांमध्ये बोराच्या जळक्या आठळ्या मिळतातच. शेतातल्या तणांचं बीसुद्धा गोळा करा, त्याचं कारण पुढे येईल.

प्रत्येक वाणाचे काही दाणे अॅल्युमिनियमच्या कागदात गुंडाळा, वाळूत पुरा आणि प्रयोगशाळेतल्या भट्टीत साधारण २५० अंश सेल्सियसवर काही तास ठेवा. हवा कमी आणि उष्णता मध्यम असली की दाणा कोळसा होतो पण आकार धरून राहतो. तापमान बरंच वाढलं की तो फुगतो, तडकतो, आणि हवा मिळाली तर राख होऊन संपतो. तीन-चार वेगवेगळ्या तापमानांना हे करून पाहा. फुगलेला जव आणि फुगलेला गहू किती सारखे दिसतात हे एकदा डोळ्यांनी पाहिलं, की माणूस पुढे घाईने नाव देत नाही.

भट्टीपेक्षा जास्त शिकवते ती खरी चूल. मातीची चूल घाला, त्यावर गोवऱ्या जाळून रांधा. दुसऱ्या चुलीत बाभळीचं लाकूड वापरा, तिसरीत पऱ्हाट्या. राख वेगवेगळ्या डब्यांत ठेवा. हुरड्याच्या दिवसांत आगटीची राखही घ्या. कोवळा दाणा जळाला की आकसून सुरकुततो. पक्व दाण्याशी त्याची तुलना करून ठेवली, तर प्राचीन काळी कणसं हिरवी भाजत होते का, हा प्रश्न तुम्हाला विचारता येईल. घरातल्या म्हाताऱ्या बायांना विचारा की धान्य पाखडल्यावर सुपातला कचरा कुठे टाकत असत, चूल कधी सारवत, राख कुठे नेत. यातलं एकेक उत्तर उत्खननात एखादा थर उलगडून दाखवतं.

चूल आहे हे सिद्ध करणं

लालसर माती आणि राख दिसली म्हणजे चूल झाली नाही. ती शेकोटी असेल, जळलेलं कूड असेल, किंवा दुसरीकडून आणून टाकलेली राख असेल. जागेवरच जाळ झाला असेल तर खालची माती भाजलेली असते, आणि भाजणं वरून खाली कमी होत जातं. चूल अर्धी कापून तिचा उभा छेद घ्या. त्यात सारवणाचे एकावर एक पातळ थर दिसले, तर रोज वापरली जाणारी चूल समोर आहे.

प्रयोगशाळेत याला तीन आधार मिळतात. माती तापली की तिच्यातल्या लोहखनिजांचं रूप बदलतं आणि चुंबकीय ग्राह्यता, म्हणजे चुंबकाला प्रतिसाद देण्याची क्षमता, वाढते. ती मोजायला लहानसं यंत्र पुरतं. साधारण ५०० अंशांच्या वर चिकणमातीच्या खनिजांची रचना बदलते, आणि इन्फ्रारेड स्पेक्ट्रोस्कोपीत (अवरक्त किरणांनी केलेल्या तपासणीत) ते दिसतं. तिसरा आधार माझ्या मते सगळ्यात मोलाचा: मातीचा अखंड ठोकळा धातूच्या डबीत जसाच्या तसा कापून घ्यायचा, राळेने (रेझिनने) घट्ट करायचा आणि त्याचा केसासारखा पातळ काप सूक्ष्मदर्शकाखाली पाहायचा. राख कुठे साचली, कुठे तुडवली गेली, भेग कुठून गेली, हे त्या कापात थेट दिसतं. पैसे एकाच तपासणीपुरते असतील तर खानदेशात मी हीच निवडीन.

लाकडाच्या राखेत कॅल्साइट (चुन्याचं खनिज) असतं, म्हणून सौम्य आम्ल टाकलं की ती फसफसते, असं पुस्तकांत वाचाल. आपल्या मातीत चुनखडीचे खडे मुळातच असतात, त्यामुळे ती राखेशिवायही फसफसते. या एका चाचणीवर इथे विसंबू नका.

नमुने घेण्याचा क्रम

हा क्रम उलटा झाला तर पुढचं काहीही दुरुस्त होत नाही.

सगळ्यात आधी चुलीभोवतीची खापरं. ज्या खापरातून तेला-तुपाचे अंश शोधायचे आहेत ते धुवायचं नाही, उघड्या हाताने धरायचं नाही, प्लास्टिकच्या पिशवीत घालायचं नाही. हाताची चरबी आणि प्लास्टिकमधली रसायनं नमुन्यात उतरतात. चिमट्याने उचला, अॅल्युमिनियमच्या कागदात गुंडाळा, नोंद कागदावर करा. त्या खापराला लागलेली थोडी माती वेगळी घ्या. मातीतच तो स्निग्धांश असेल तर खापरातल्या अंशाला अर्थ उरत नाही.

मग पिष्टकण (स्टार्चचे कण) आणि वनस्पतीचे सिलिकाकण (पेशींत साचलेले काचेसारखे सूक्ष्म कण) यांसाठी प्रत्येक थरातून मूठभर माती, दर वेळी अवजार ऊर्ध्वपातित पाण्याने धुऊन. पावडर लावलेले हातमोजे चालत नाहीत, कारण त्या पावडरीत बऱ्याचदा मक्याचं पिष्ट असतं.

मग सूक्ष्मदर्शकाच्या कापासाठीचा मातीचा ठोकळा. आणि शेवटी उरलेली चूल सगळीच्या सगळी, थराथराने, गोणीत. चूल लहान असते, तिच्यातला नमुना निवडत बसू नये. इतर जागांवरून थरामागे १० ते ३० लिटर माती पुरते. लिटर मोजून लिहा, नाहीतर पुढे लिटरमागे किती दाणे हे सांगता येणार नाही.

तुलनेच्या नमुन्यांवाचून यातलं काही सिद्ध होत नाही. चुलीच्या वरच्या थरातून, खालच्या थरातून आणि दोन हात लांबच्या जमिनीतून तेवढीच माती घ्या. रावेर-यावल पट्ट्यात काम असेल तर हे विशेष पाळा. केळीच्या पानातले सिलिकाकण शेंडा कापलेल्या ज्वालामुखीच्या आकाराचे असतात आणि सहज ओळखू येतात. ते चुलीत मिळाले आणि वरच्या शेतमातीतही तेवढेच मिळाले, तर प्राचीन केळीची बातमी देण्याचं कारण नाही.

पाण्यात तरंगवणं

कोळसा झालेला दाणा पाण्यावर येतो, माती खाली बसते. एवढ्या साध्या गोष्टीने १९६०च्या दशकापासून या शास्त्राचा चेहरा बदलला. त्याआधी डोळ्यांना दिसेल तेवढंच हाती लागायचं. मोठी यंत्रं असतात, पण २०० लिटरचा पिंप किंवा बादल्यासुद्धा चालतात.

काळी माती ओली असताना तिचे गोळे पाण्यात तसेच राहतात आणि दाणे आत अडकतात. म्हणून गोणी आधी सावलीत पूर्ण वाळवा. वाळलेलं ढेकूळ पाण्यात पडलं की आपोआप फुटतं. तरीही फुटत नसेल तर पाण्यात खाण्याचा सोडा घालून काही तास भिजू द्या. हाताने चुरगाळू नका.

बादलीत दोन-तीन लिटर माती आणि भरपूर पाणी घ्या, हलकेच ढवळा, क्षणभर थांबा आणि वरचं पाणी ०.२५ मिलिमीटरच्या चाळणीतून ओता. वर काही येईनासं होईपर्यंत पुन्हा करा. राळ्यासारखे बारीक दाणे आणि तणांच्या बिया मोठ्या छिद्रांतून निसटतात. मच्छरदाणीची जाळी या कामाला चालत नाही. खाली बसलेला गाळ धुवायला मात्र ती ठीक आहे, आणि तो गाळ धुवाच. बोराच्या आठळ्या, जड कोळसा, माशांची हाडं, मणी त्यात असतात. वर आलेला भाग कापडात बांधून सावलीत टांगा. उन्हात वाळवला तर कोळसा तडकतो.

पद्धत नीट चालली की नाही हे पाहायला खसखस कामी येते. जाळून काळी केलेली खसखस १०० दाणे मोजून एखाद्या नमुन्यात आधीच टाका आणि शेवटी किती परत आली ते मोजा. निम्मीच परतली तर तुमचे प्राचीन दाणेही तसेच वाहून जात आहेत. एका नमुन्याचं पाणी दुसऱ्याला वापरू नका आणि दर वेळी चाळणी घासून धुवा.

निवडणं आणि ओळखणं

इथे घाई करणारा माणूस नको. १० ते ४० पटींचा द्विनेत्री सूक्ष्मदर्शक, मऊ ब्रश आणि शेजारी आपला नमुनासंग्रह, एवढं बस झालं. गव्हाच्या आणि जवाच्या दाण्याला पोटाकडून खाच असते. जव दोन्ही टोकांना निमुळता आणि कोनदार असतो, आणि सहा-रांगी जवाचे कडेचे दाणे किंचित पिळवटलेले असतात. कुळीथ चपटा आणि मूत्रपिंडाच्या आकाराचा. मूग-उडीद जळाले की साल जाते आणि डाळिंब्या सुट्या होतात. साल टिकली असेल तर डोळा पाहा: उडदाचा उचललेला, कडा असलेला, तर मुगाचा सपाट. बारीक धान्यांत अंकुराच्या खुणेची लांबी पाहतात. राळ्यात ती दाण्याच्या जवळजवळ दोन-तृतीयांश किंवा त्याहून जास्त असते, वरीच्या जातीत आखूड. बाजरीचा दाणा गदेसारखा, खाली टोकदार. ओळख पटत नसेल तर "बाजरीसारखा" असं लिहिणं ही शास्त्रीय शिस्त आहे.

ज्वारी आणि बाजरी ही मुळात आफ्रिकेतली पिकं. भारतात ती इ. स. पूर्व दुसऱ्या सहस्रकाच्या सुमारास येऊ लागली, आणि त्यांच्या जुन्यातल्या जुन्या पुराव्यांवर अजून वाद आहेत. आज खानदेशाच्या ताटात भाकरी आहे म्हणून ती सावळद्याच्या चुलीवरही होती असं मानता येत नाही. दख्खनमधल्या त्या काळच्या वस्त्यांमध्ये, उदाहरणार्थ पुणे जिल्ह्यातल्या इनामगावला, जवाला मोठं स्थान होतं.

आता तणांचं. चुलीतल्या बिया मोजताना तणाची बी बाजूला सारण्याचा मोह होतो, तो टाळा. मला ती धान्याइतकीच बोलकी वाटते. मळणी, उफणणी, चाळणं, पाखडणं या दर टप्प्याला वेगळ्या आकाराचं तण वेगळं होतं. बारीक बिया चाळणीतून आधीच जातात, धान्याएवढ्या बिया मात्र शेवटी सुपात हाताने निवडाव्या लागतात. चुलीत फक्त मोठ्या तणबिया मिळाल्या तर धान्य घरात साफ करूनच येत होतं. बारीक बिया आणि भूस भरपूर असेल तर साफसफाई चुलीजवळ चालायची.

पण दुसरी शक्यताही आहे: शेणाची. जनावराने खाल्लेलं बी शेणातून गोवरीत आणि गोवरीतून चुलीत येतं. मग ते माणसाचं अन्न नसून वैरण ठरतं. रवंथ करणाऱ्या प्राण्यांच्या आतड्यात कॅल्शियम कार्बोनेटचे ५ ते २० मायक्रॉनचे गोल कण तयार होतात. राखेत ते सूक्ष्मदर्शकाखाली ध्रुवीय (एकाच दिशेने कंप पावणाऱ्या) प्रकाशात चमकताना दिसले तर इंधन शेणाचं होतं. आम्लधर्मी मातीत हे कण विरघळतात, आपल्या चुनखडीच्या मातीत मात्र टिकण्याची शक्यता चांगली. खूप जास्त तापलेल्या राखेत ते मोडतात, म्हणून ते दिसले नाहीत यावरून शेण नव्हतं असं म्हणता येत नाही.

डोळ्यांना न दिसणारं

दाणा जळून राख झाला तरी गवतांच्या पेशींतली सिलिका उरते. आम्लाने चुना, हायड्रोजन पेरॉक्साइडने सेंद्रिय भाग काढून जड द्रवात ती वेगळी करतात. डमरूसारखे कण ज्वारी-बाजरीच्या गटाकडे बोट दाखवतात, खोगिरासारखे नाचणीच्या, आणि गोलसर शंकूसारखे गहू-जवाच्या. भाताच्या तुसातले दुहेरी टोकांचे कण तर स्पष्टच असतात. एका नमुन्यात २००-३०० कण तरी मोजावेत.

पिष्टकणांना ध्रुवीय प्रकाशात मध्यभागी फुली दिसते. पाण्यात शिजवलं की साधारण ६० ते ८० अंशांना कण फुगतो आणि फुली विरते, कोरडं भाजलं तर बरीचशी टिकते. म्हणजे पदार्थ शिजवला की भाजला याचाही माग लागू शकतो. हरियाणातल्या फरमाणा इथे हडप्पाकालीन भांड्यांत आणि दातांवर आलं, हळद आणि वांग्याचे पिष्टकण ओळखले गेले. भरीत आपलं मानणाऱ्या खानदेशाला ही बातमी गोड वाटेल, पण तो पुरावा घग्गरच्या प्रदेशाचा आहे. इथल्या चुलींतून तसं काही दाखवायचं तर इथलेच नमुने तेवढ्याच काटेकोरपणे तपासावे लागतील.

खापरात मुरलेली चरबी द्रावकाने काढून तिच्यातल्या दोन स्निग्धाम्लांमधला कार्बनच्या समस्थानिकांचा (कमी-जास्त वजनाच्या अणूंच्या प्रमाणाचा) फरक मोजतात. त्यावरून दूध, गाय-बकरीची चरबी आणि डुकराची चरबी वेगळी ओळखतात. कच्छमधल्या कोटडा भडली इथे याच मार्गाने दुधाच्या वापराचा पुरावा मिळाला. आपल्याकडे वैरणीचा विचार आधी करा: कडबा किंवा बाजरीचं सरमड खाणाऱ्या जनावराच्या दुधातला कार्बन, झाडपाला खाणाऱ्याच्या दुधाहून वेगळा असतो. युरोपात ठरवलेली मापं इथे तशीच लावली तर चुकीचं उत्तर येतं. इथल्या जनावरांचे आजचे नमुने तुलनेला हवेतच.

खापरावरची काजळीही वाचा. बाहेरून काजळी आणि आत जळका पट्टा, म्हणजे चुलीवर शिजवलेलं भांडं, हा नेहमीचा नियम. पण आपल्याकडे मांडे उपड्या खापरावर भाजतात, आणि तिथे जाळ आतल्या बाजूला लागतो. आतून काळं खापर दिसलं की लगेच "करपलेलं अन्न" असं लिहू नये. पोपडा अन्नाचा आहे की नुसती काजळी, हे सूक्ष्मदर्शकाखाली पाहून ठरवावं.

कोळशाचे तुकडे आडवे, उभे आणि त्रिज्येच्या दिशेने मोडून लाकूड ओळखतात. सागाच्या वर्षवलयात मोठी छिद्रं ओळीने दिसतात, म्हणून तो लवकर ओळखू येतो. अंजन, खैर, धावडा, सालई, बाभूळ यांच्यासाठी सातपुड्यातल्या झाडांचा संग्रह लागतोच.

काळ ठरवणं

कोळशाचं कार्बन-१४ वय (उरलेल्या किरणोत्सारी कार्बनवरून काढलेलं) म्हणजे लाकडाच्या त्या वलयाचं वय. शंभर वर्षांच्या जुन्या सागाच्या गाभ्यावर स्वयंपाक केला तर चूल उगाच शंभर वर्षं म्हातारी ठरते. एका हंगामात जगलेला दाणा हे नाही करत. कार्बन-१४चे अणू थेट मोजणाऱ्या त्वरक पद्धतीत एक गव्हाचा दाणा पुरतो. दिल्लीचं आंतरविद्यापीठ त्वरक केंद्र आणि अहमदाबादची भौतिक संशोधन प्रयोगशाळा इथे ही सोय आहे. भेगांच्या जमिनीत ज्या दाण्यावर तुमचा मोठा दावा उभा आहे, त्याच दाण्याचं वय काढा. शेजारच्या कोळशाचं वय त्याला लावू नका. मापनात दाणा नष्ट होतो, म्हणून आधी सगळ्या बाजूंनी फोटो आणि मापं घेऊन ठेवा.

लिहिताना

एका भांड्यात कुळीथ करपला तर एका चुलीत हजार दाणे मिळतील. त्यावरून कुळीथ मुख्य अन्न होतं असं होत नाही. म्हणून एकूण दाण्यांसोबत किती नमुन्यांत ते धान्य मिळालं आणि लिटरमागे किती, हे दोन्ही आकडे द्या. भाजली जाणारी धान्यं जास्त टिकतात, उकडलेली कमी, पालेभाज्या जवळजवळ नाहीतच. हे वाचकाला सांगा. वरच्या-खालच्या थरांचे निकाल त्याच तक्त्यात शेजारी छापा. आधुनिक बिया मिळाल्या तर त्यांचीही संख्या द्या, कारण मिसळण किती झाली हे त्यातूनच कळतं.

प्रत्येक चुलीची थोडी माती न धुता, काचेच्या बरणीत, चिठ्ठी आत आणि बाहेर दोन्हीकडे लावून राखून ठेवा. चिठ्ठी पेन्सिलीने लिहा, शाई ओलीने उतरते. तीवर स्थळ, खड्डा, थर, खोली, तारीख आणि घेणाऱ्याचं नाव हवं, आणि हीच नोंद वहीत आणि संस्थेच्या संग्रहात असावी.